तोफेपुढचे चाक



इम्फाळच्या रणसंग्रामाचे स्मरण करताना आपण आझाद हिंद सेनेच्या शौर्याविषयी बोलतो, ते योग्यच. परंतु जपानी तोफा ओढणाऱ्या गाड्यांचा विषय सहसा निघत नाही.

जपानच्या रस्त्यांवर एकेकाळी फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्यांचेच राज्य होते. १९३६ साली कायदा करून जपानने त्यांना पायबंद घातला. तत्पूर्वीच, १९३४ मध्ये, सहा चाकांचा 'टाइप ९४' हा लष्करी ट्रक सिद्ध झाला होता. हा ९४ आकडा ख्रिस्ती सनाचा नव्हे. सम्राट जिम्मूपासून मोजलेल्या २५९४ या वर्षाचा! आणि इसुझू हे नाव ईसेच्या पवित्र देवस्थानाजवळून वाहणाऱ्या नदीचे. मागची चारही चाके इंजिनाच्या बळावर फिरत. सैनिक आणि दारूगोळा वाहून हा ट्रक तोफाही ओढी. अधिक जड तोफांसाठी साखळीपट्ट्यांचे ट्रॅक्टर असत.

पण अभिमान असला म्हणजे रस्ता तयार होतो असे नाही. मार्च १९४४ मध्ये मुतागुचींच्या सैन्याने चिंदविन ओलांडली. कोहिमाकडे निघालेल्यांना डोंगरी तोफा सुट्या करून जनावरांच्या पाठीवर लादाव्या लागल्या. शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा. सोबत घेतलेले कित्येक बैल नदीतच बुडाले. पालेलच्या आघाडीवर आपल्या जवानांपाशी तर स्वतःची एकही तोफ नव्हती. पुढे पाऊस कोसळू लागला, वाटा चिखलात बुडाल्या आणि माघारीत गाड्या व तोफा जागोजाग टाकून द्याव्या लागल्या.