नकाशाच्या आधीची सभा



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानतो आणि थेट मुद्द्यावर येतो. माझ्या भाषणानंतर जेवण आहे, आणि वसईकराला जेवणासाठी ताटकळत ठेवलेले चालत नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना एव्हाना कळले असेल.

लोकसहभागातून वास्तू कशी घडते, हा वास्तुरचनाकारांच्या या अधिवेशनाचा विषय. मी फक्त चर्चबद्दल बोलणार आहे, आणि तेही मुख्यतः आमच्या वसई धर्मप्रांतातल्या चर्चबद्दल. का ते सांगतो. सरकारी शाळा बांधायची असेल तर पैसा खात्याचा, मंजुरी खात्याची आणि वापर गावाचा. त्यामुळे गावाला विचारले नाही तर निदान कारण तरी समजते. धर्मग्रामाचे, म्हणजे पॅरिशचे, नवे चर्च बांधताना पैसा घराघरांतून येतो, वापरणारी माणसे तीच, पुढची पन्नास-शंभर वर्षे डागडुजी करणारीही तीच. तरीसुद्धा चर्चच्या कामात लोकांना विचारले जाते ते सगळ्यात शेवटी, आणि तेही रंगाबद्दल.

हे कसे घडते ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. रविवारच्या मिस्सानंतर फादर घोषणा करतात. बांधकाम समिती नेमली जाते. तिच्यात एक निवृत्त बँक अधिकारी, दोन इंजिनिअर, एक कंत्राटदार, आखातातून परतलेला एखादा सुखवस्तू गृहस्थ. वेदीवर फुले लावणाऱ्या, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या, नोव्हेनाच्या प्रार्थनेला दर आठवड्याला येणाऱ्या बायका समितीत नसतात, किंवा असलीच तर एखादी, चहाची व्यवस्था बघायला. समिती आपल्यापैकी कुणाला तरी बोलावते. आपण संगणकावर झकास चित्र करतो, निळे आकाश आणि दोन-चार गोरीगोमटी माणसे घालून. पुढच्या रविवारी ते चित्र फ्लेक्सवर छापून फाटकाला लागते. फ्लेक्स लागला की चर्चा संपली. त्यानंतर माणसे मनोऱ्याच्या उंचीवर आणि काचांच्या रंगावर बोलतात, कारण बोलायला तेवढेच उरलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की चर्च कसे दिसावे हा प्रश्न लोकांना पहिल्या सभेत विचारूच नये. तुम्ही कोणत्या दिवशी कुठे उभे असता, हा विचारावा.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात आम्ही हा प्रश्न विचारला होता. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठे कागद लावले, त्यावर जुन्या चर्चची नुसती बाह्यरेषा काढली आणि लोकांच्या हातात पेनं दिली. गुड फ्रायडेला कुठे असता, लग्नात कुठे, पावसात कुठे? पुरुषमंडळींनी बहुतेक खुणा बाहेर, आंब्याच्या झाडाखाली केल्या, त्यावर बरीच हसाहशी झाली. मग मागच्या रांगेतून एक आजी पुढे आल्या. पेन न घेता त्यांनी कागदावरच्या मुख्य दारावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "इथं माझ्या घरवाल्याची पेटी तिरकी करावी लागली. नवीन देवळात सरळ जाऊ द्या."

आता या वाक्याचा नकाशा काढून पाहा. शवपेटी दोन फूट रुंद, दोन्ही बाजूंना खांदा देणारी माणसे, म्हणजे चालती रुंदी सहा फुटांच्या आसपास. आपण रेखीव दिसावे म्हणून दार पाच फुटांचे ठेवतो. पोर्चमधून वळून आत जायचे असेल तर साडेसहा फुटांची पेटी वळण्याएवढी खोली पोर्चला हवी, आणि तिथेच आपण मधोमध खांब उभा करतो. शिवाय पायऱ्या. चर्च उठून दिसावे म्हणून उंच जोत्याची हौस असते. वसईत जोते उंच हवे हे खरेच. 2018 च्या जुलैत इथे पाणी कसे साचले होते ते आठवणारी माणसे या सभागृहात आहेत. पण तीन फूट जोते घेतले की बारास एक या उताराने छत्तीस फूट लांबीचा रॅम्प लागतो, आणि मध्ये सपाट थांबा लागतो तो वेगळाच. तो रॅम्प नकाशा पूर्ण झाल्यावर मागच्या दाराला, शौचालयाच्या शेजारी चिकटवला जातो. म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने देवाच्या घरी मागच्या दाराने यायचे. पेटी आणि खुर्ची दोन्ही समोरच्या दाराने सरळ आत गेली पाहिजेत, हे त्या आजींच्या एका वाक्यातून ठरले, आणि मग जोते, दार, पोर्च, मधली वाट या सगळ्यांची मापे आपोआप येत गेली. तो रॅम्प आम्ही दर्शनी भागाचा एक हातच केला. वेदीवर जायलाही उतार ठेवला, कारण वाचन करणारा माणूसही खुर्चीत असू शकतो.

त्याच सभेत छत्र्यांचा विषय निघाला. जुलैत मिस्साला पाचशे माणसे येतात, म्हणजे साधारण तेवढ्याच ओल्या छत्र्या. त्या कुठे ठेवायच्या याचे उत्तर मी आजवर एकाही नकाशावर पाहिलेले नाही. त्या बाकाखाली जातात, पाणी वाहते, आणि खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. मग घसरून पडलेल्या माणसाची गोष्ट दर पावसाळ्यात ऐकायची. तिन्ही बाजूंनी आठ-दहा फुटांचा ओटीवजा व्हरांडा दिला की छत्र्या, चपला, रडणारी मुले आणि नाताळची जादा गर्दी, सगळ्यांची सोय होते. व्हरांड्याची जागा आतल्या बाकांतून कापून घ्यावी लागली तरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकांचे गणितही जरा उघडपणे मांडू. माणसामागे दीड फूट, दोन बाकांत गुडघे टेकायच्या फळीसकट तीन फूट, वर वाटा. समिती नेहमी नाताळच्या मध्यरात्रीच्या गर्दीचा आकडा देते. वर्षातून दोन-तीन रात्रींसाठी आपण बाराशे माणसांचा हॉल बांधतो आणि उरलेले वर्ष पाचशे माणसे त्यात विखरून बसतात. नाताळची मिस्सा पटांगणात मंडप घालून होऊ शकते, वसईत ती होतेच. रविवारी दोनऐवजी तीन मिस्सा ठेवणे हाही नियोजनाचाच निर्णय आहे, आणि त्याला सिमेंटचे एक पोतेही लागत नाही. अर्थात तिसऱ्या मिस्साला फादर कुठून आणायचे, हा प्रश्न बिशपांचा आहे, माझा नाही.

इथे थोडे चर्चच्या कायद्याबद्दल, कारण आपल्यातले बरेच जण तो न वाचताच काम हाती घेतात. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे बिशपांच्या लेखी संमतीशिवाय चर्च बांधता येत नाही, आणि ती देण्याआधी त्यांनी धर्मगुरूंच्या मंडळाचे आणि शेजारच्या चर्चच्या प्रमुखांचे म्हणणे ऐकायचे असते. त्याच संहितेत प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची आहे. लोकांची पालकीय समिती मात्र बिशपांना योग्य वाटल्यास, आणि तिचे मत फक्त सल्ल्यापुरते. पैशाची समिती हवीच, माणसांची असली तर असली. मी कायद्यावर टीका करत नाही. मात्र आपल्याला सही करणारे कोण आणि वापरणारे कोण, हे यावरून नीट कळावे.

खरे तर चर्चनेच दार उघडून दिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविधीचा दस्तऐवज संमत केला. लोकभाषेला वाट मिळाली, आणि नवे चर्च बांधताना लोकांच्या सक्रिय सहभागाला ते सोयीचे असावे असे त्यात लिहिले गेले. पुढच्याच वर्षीच्या सूचनेत वेदी शक्यतो भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि धर्मगुरूला लोकांकडे तोंड करून विधी करता येईल, असे आले. लांबट, अरुंद पोर्तुगीज घाटाच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावरून वेदी शंभर फुटांवर राहते. वीस मीटरच्या पलीकडे चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हा नाट्यगृहवाल्यांचा जुना ठोकताळा इथेही लागू पडतो. एवढे होऊनही आपल्याकडे काय बांधले जाते? टोकदार कमानींचे पीओपीचे गॉथिक. ज्या युरोपातून ते आले, तिथे ते दगडाचे वजन पेलण्यासाठी होते. आपल्याकडे ते वरच्या स्लॅबला लोंबकळत असते.

याउलट मुंबईत दादरला जाऊन चार्ल्स कोरियांचे साल्वासांव चर्च पाहा. बसचा कंडक्टर 'पोर्तुगीज चर्च' म्हणून ओरडतो तेच. सोळाव्या शतकापासून त्या जागेवर चर्च आहे. सध्याची इमारत 1970 च्या दशकातली. काँक्रीटची वर निमुळती होत जाणारी छपरे, त्यांच्यामध्ये उघडी अंगणे. ऊन, वारा आणि गोखले रोडची वर्दळ यांचा विचार करून ते चर्च उभे राहिले. दिसायला चर्चसारखे नाही, ही तक्रार आजही ऐकू येते. मला ती तक्रार आवडते, कारण तिच्यावर वाद घालता येतो. फ्लेक्सवरच्या गॉथिकवर तेही करता येत नाही.

आवाजाबद्दल एवढेच सांगतो की बोललेले शब्द कळायला निनाद सेकंदभरात विरायला हवा. उंच काँक्रीट, काच आणि टाइल्स यांत तो तीन-चार सेकंद रेंगाळतो. मग आपण आणखी स्पीकर लावतो आणि मराठीतले वाचन मराठी माणसालाच कळेनासे होते. गायनमंडळ हार्मोनियम-ढोलकीवर गाते की ऑर्गनवर, हे आधी विचारा, छत नंतर ठरवा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. फादरांची साधारण पाच-सहा वर्षांनी बदली होते. चर्चचे काम जमीन, परवानग्या, वर्गणी धरून त्यापेक्षा जास्त चालते. पायाभरणी एका फादरांची, स्लॅब दुसऱ्यांचा, अभिषेक तिसऱ्यांच्या काळात. प्रत्येक जण मनाने चांगलाच असतो आणि प्रत्येकाची वेदीची कल्पना वेगळी असते. अशा वेळी पहिल्या सभेत लोकांनी काय मागितले, हे लिहिलेली वही धर्मग्रामाच्या ताब्यात हवी. आपल्या ऑफिसात नव्हे. त्यात आंब्याचे झाड तोडायचे नाही असे लिहिले असेल, तर पार्किंगसाठी जागा मागणाऱ्या चौथ्या समितीलाही ते वाचावे लागेल. ज्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले, तिथे चर्चच्या आवारातली विहीर बुजवून पेव्हर ब्लॉक बसवले जातात, हे पाहून माझा जीव कासावीस होतो.

देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांबद्दल मी बोलत नाही. बाकाबाकावर नावे असलेल्या चर्चमध्ये नाव नसलेला माणूस कुठे बसतो, एवढेच तुम्ही जाऊन पाहा.

आणि जुने चर्च पाडण्याआधी त्याचे संरचनात्मक परीक्षण अशा माणसाकडून करून घ्या, ज्याला नव्या कामात रस नाही. चुन्याच्या जाड भिंती बऱ्याचदा ठणठणीत असतात, कुजलेली असतात ती छपराची लाकडे. वसईच्या किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याला 1739 मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतल्यानंतर दीर्घकाळ कुणी वाली उरला नाही, तरी तो उभा आहे. छप्पर बदलायला पुरेल एवढा पैसा नवे चर्च बांधताना नुसत्या पायात जातो.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. आपल्या फीचा पहिला टप्पा संकल्पनाचित्राचा असतो. ते चित्र दिले की आपल्याला पहिला हप्ता मिळतो, म्हणून आपण ते घाईने देतो. लोकांशी बोलण्याचे, मिस्साला, लग्नाला, अंत्यविधीला हजर राहून बघण्याचे काम कुणी मोजत नाही, म्हणून ते होत नाही. तेव्हा प्रार्थनास्थळांच्या कामात चित्राच्या आधी ऐकण्याचा स्वतंत्र टप्पा असावा, त्याची फी वेगळी असावी, आणि त्या टप्प्याच्या शेवटी वही धर्मग्रामाकडे सुपूर्द केल्याशिवाय एकही रेष काढली जाऊ नये, असा तो ठराव आहे. काही सहकाऱ्यांनी मला कालच सांगितले की असे केले तर काम दुसरा घेऊन जाईल. त्यांनी दुपारी हे उभे राहून सांगावे. तीन वाजता भेटू, आणि विरोधात बोलणाऱ्यांना मी आधी वेळ देईन.