डॉक्टरी विद्येनें आयुष्य वाढतें, तें इष्ट कीं अनिष्ट?

(यवतमाळ जिल्ह्यांतील एका गांवीं ता. २८ नोव्हेंबर रोजीं, जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनाच्या सभेंत, तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आजचा विषय मीं निवडलेला नाहीं, तो पारावर निघाला. मागच्या महिन्यांत आपल्या गांवचे एक वृद्ध गृहस्थ शहरच्या दवाखान्यांतून परत आणले. ते खाटेवर आहेत, बोलत नाहींत. त्यांच्यावरून वाद झाला. एकजण म्हणाला, "गुरुजी, पह्यलेचे लोक ज्वारीची भाकर खाऊन शंभर वर्स जगत होते. आता डॉक्टर जगवते, पण खाटेवर जगवते. असं जगून काय कराचं?" दुसरा म्हणाला, "तुह्या बाप असता तं?" मग कोणी बोलेना, आणि सगळे माझ्याकडे पाहूं लागले.

शंभर वर्षांची गोष्ट आधीं मोडून काढूं, कारण ती खोटी आहे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानांत जन्मलेल्या जिवाचें सरासरी आयुष्य सुमारें २० वर्षें होतें. १९५१ च्या सुमारास तें ३२ झालें आणि आज तें ७० च्या आसपास आहे. सरासरी म्हणजे सगळे विसाव्या वर्षीं मरत असें नव्हे. कित्येक लेंकरें पाळण्यांतच जात, कित्येक बाया बाळंतपणांत जात, आणि त्यांची वर्षें आजोबांच्या ८० वर्षांत मिसळलीं कीं हिशेब खालीं येतो. आपल्याला आठवतो तो आजोबा, कारण तो वांचला. त्याचीं भावंडें कोणाला आठवत नाहींत. १९१८ ची मानमोडी आपल्या वऱ्हाडानें पाहिली. त्या एका तापानें देशांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. देवीच्या रोगानें आंधळीं झालेलीं माणसें आपल्या वडिलांनीं पाहिलीं. आज माझ्या वर्गांत देवीचे वण असलेलें एकही मूल नाहीं, कारण १९७५ नंतर या देशांत देवीचा रोगी झालाच नाहीं. हें देवीला नैवेद्य दाखवून झालें नाहीं, दंडावर लस टोंचून झालें.

सटवीनें कपाळीं लिहिलें तेवढेंच आयुष्य, असें सांगणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या घरीं कोणाच्या छातींत कळ आली कीं ते कोणाकडे धांवतात, तेवढें पाहून ठेवा. गांधीजींसारख्या मोठ्या माणसानेंही १९०९ मध्यें 'हिंद स्वराज्य' लिहितांना डॉक्टरांवर व दवाखान्यांवर कडक टीका केली. पुढें १९२४ च्या जानेवारींत ते तुरुंगांत असतां आंत्रपुच्छाचा रोग झाला, तेव्हां पुण्याच्या ससून दवाखान्यांत कर्नल मॅडॉक यांनीं त्यांचें पोट कापून त्यांना वांचविलें. मध्येंच विजेचे दिवे गेले, तर कंदिलाच्या उजेडांत काम पुरें केलें. यांत मी गांधीजींना हिणवीत नाहीं. मरण उशाशीं आलें म्हणजे मत बदलतें, आणि तें बदललें म्हणून देशाला त्यांचीं आणखी २४ वर्षें मिळालीं.

आणि ज्या घराण्याच्या स्मृतीसाठीं आपण जमलों, त्या घराण्यानें या प्रश्नाचें उत्तर बोलून दिलें नाहीं, करून दिलें. १८९७ मध्यें पुण्यास प्लेग माजला, तेव्हां सावित्रीबाई व त्यांचा दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुंढव्याचें एक अस्पृश्य लेंकरूं बाईंनीं पाठीवर घालून आणलें. तें वांचलें, बाई १० मार्चला गेल्या. त्याच वर्षीं, दोनच महिने आधीं, हाफकीन साहेबानें मुंबईंत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोंचून घेतली होती. आज प्लेगवर हुकमी औषध आहे. सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. आणखी दहा वर्षें त्यांना मिळालीं असतीं तर तें अनिष्ट, असें म्हणणारा कोणी या मांडवांत असेल तर त्यानें उभें राहावें.

इथवर सोपें होतें. आतां अवघड भाग.

माझ्या वर्गांत एक मुलगी होती, तिला सिकलसेल. हा रोग आपल्या विदर्भांत, त्यांतून आदिवासी व दलित वस्त्यांत, पुष्कळ आढळतो. रक्तांतल्या तांबड्या पेशी गोल असतात, त्या विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि अंग ठणकूं लागतें. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच रोग होतो, एकाकडून आला तर मूल बाहेरून धडधाकट दिसतें. म्हणून लग्नाआधीं दोघांचें रक्त तपासावें, पत्रिका नंतर पाहिली तरी चालेल. या मुलीला हायड्रॉक्सियुरिया नांवाची गोळी रोज लागते. गोळी नेमानें मिळाली तर कळा कमी येतात. सरकारी दवाखान्यांत गोळी संपली कीं आईची मजुरी बुडते, भाडें लागतें, आणि पोर रात्रभर कण्हते. तिची आई मला एकदां म्हणाली, "गुरुजी, देवानं हिले नेलं असतं तं बरं झालं असतं." मीं कांहीं बोललों नाहीं. पुढें मुलगी दहावी पास झाली, तेव्हां तीच आई पेढे घेऊन आली, आणि मागचें वाक्य आम्हां दोघांनाही आठवत होतें. ती माउली खरें म्हणजे पोरीच्या जगण्याला कंटाळली नव्हती, ती खेपांना कंटाळली होती. औषध आयुष्य देतें, पण तें रोज, वेळेवर, गांवांत मिळालें पाहिजे. न मिळाल्यास दोष औषधाचा नव्हे.

आतां माझ्या घरचें सांगतों. आजवर चारचौघांत बोललों नाहीं.

माझी आई ७८ वर्षांची होती. मेंदूंत रक्तस्राव झाला. मीं तिला एका मोठ्या खाजगी दवाखान्यांत नेलें. पहिल्या दिवशीं ती थोडी शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "बापू, मले घरी नेय." मीं म्हटलें, उद्यां नेऊं. त्या रात्रीं तिच्या गळ्यांत नळी गेली आणि श्वासाचें यंत्र लागलें. अकरा दिवस यंत्र तिची छाती वर-खालीं करीत होतें. चौथ्या दिवशीं तेथल्या एका तरुण डॉक्टरानें मला बाजूला घेऊन सांगितलें कीं मेंदू परत येणार नाहीं. तरी रोज सकाळीं बिल येई आणि मी रोज सही करीं. दोन एकर रान तीन वर्षांच्या मक्त्यानें दिलें, बायकोची पोत मोडली. बाराव्या दिवशीं आई गेली. माणसांत नाहीं गेली, कांचेपलीकडे गेली.

तुम्ही विचाराल, मास्तर, तुम्ही शिकलेले, मग थांबविलें कां नाहीं? लोक म्हणतील पैशासाठीं आईला मारलें, या भयानें. आईवरच्या मायेनें नव्हे, तुमच्या भयानें. तुम्ही तसें म्हटलेंही असतें. मीही दुसऱ्याला तसें म्हटलें आहे.

यावर कायदा काय आहे, तें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ मध्यें कामाच्या जागींच हल्ला झाला, मेंदूस इजा झाली. ती मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयांत पडून होती. ४१ वर्षांहून अधिक काळ तिच्या सहकारी परिचारिकांनीं तिचें केलें. यंत्रानें नव्हे, हातांनीं केलें. २०११ मध्यें तिच्यासाठीं केलेला दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें नाकारला, कारण जीं माणसें तिला सांभाळीत होतीं त्यांना ती हवी होती. पण त्याच निकालांत, परत येण्याची आशा नसलेल्या रोग्याचे कृत्रिम उपाय थांबविण्याची वाट कांहीं अटींवर मोकळी झाली. २०१८ मध्यें न्यायालयानें सांगितलें कीं माणूस शुद्धीवर असतांना आपली इच्छा लिहून ठेवूं शकतो. २०२३ मध्यें रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही, आणि कागदांत आपल्या वतीनें बोलणाऱ्या नातलगांचीं नांवें. दवाखान्यांत डॉक्टरांचीं दोन मंडळें पाहून ठरवितात. विष किंवा सुई देऊन मारणें हा गुन्हाच आहे, त्यांत बदल नाहीं.

आपल्या शेजारीं पवनारला विनोबांनीं १९८२ च्या नोव्हेंबरांत, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, अन्न, पाणी आणि औषध सोडलें, व १५ तारखेस देह ठेवला. वय ८७. मोठें मरण म्हणून त्याची वाखाणणी होते. मला तेथें वेगळीच गोष्ट दिसते. विनोबा नको म्हणाले आणि तें ऐकिलें गेलें. माझी आईही नको म्हणाली होती.

पण हें ऐकून कोणी घरीं जाऊन म्हाताऱ्याला म्हणूं नये कीं आतां तुझ्यावर खर्च पुरे. तसें करणार असाल तर मी माझे शब्द परत घेतों. आपल्या गांवांत औषधाच्या अतिरेकानें मेलेली माझी आई एकटी असेल, औषधावांचून मेलेलीं माणसें बोटांवर मोजतां येणार नाहींत. छातींतली कळ गॅस म्हणून वेचणी संपेपर्यंत दाबून ठेवणारी बाई प्रत्येक गल्लींत आहे. बैल आजारी पडला तर त्याच दिवशीं डॉक्टर येतो, सासूच्या डोळ्यांतला मोतीबिंदू पांच वर्षें पिकत राहतो. यवतमाळला १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जोतीरावांच्या नांवाची जनआरोग्य योजना आहे. ती २०१२ मध्यें दुसऱ्या नांवानें आठ जिल्ह्यांत निघाली तेव्हां अमरावती त्यांत होती, आपण नव्हतों. पुढें सगळ्या राज्यांत आली आणि २०१७ पासून तिला हें नांव आहे. यादींतल्या दवाखान्यांत, यादींतल्या रोगांना, ती खर्च देते. दाखल होतांनाच विचारा, पैसे भरल्यावर नव्हे. मीं आईच्या वेळीं विचारलें नाहीं, घाईंत होतों.

म्हणून पारावरच्या प्रश्नाला माझें उत्तर असें: आयुष्य वाढतें हें इष्टच आहे, त्यावर माझा वाद नाहीं. वाद एवढाच, कीं शेवटचा 'पुरे' हा शब्द कोणाचा? तो लेकाचा नाहीं, बिल करणाऱ्याचा नाहीं, पारावरच्या तुमचा-आमचा तर नाहींच. ज्याचा जीव आहे त्याला तो शुद्धीवर असतांना विचारावें, आणि विचारायला लाजूं नये.

मीं माझा कागद गेल्या मंगळवारीं यवतमाळला जाऊन केला. साक्षीला गांवचे लोहारदादा आणि टेलरमास्तर आले होते. नोटरीनें दोनदां वाचून पाहिला, वय विचारलें, आणि इतक्या लवकर कां म्हणून हंसला. घरीं बायको दोन दिवस बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं म्हणाली, "माह्याही लिवा. पण माह्यासाठी ते यंत्र एकदा लावून पाहा, मंग सोडा." मी तें तिच्याच शब्दांत लिहून घेतलें आहे. येत्या मंगळवारीं पुन्हां यवतमाळला जाणार आहें. कोणाला यायचें असल्यास सकाळच्या गाडीला फाट्यावर यावें, आधारकार्ड बरोबर आणावें.