इंग्रजांचे पूर्वजशोधन व कुलवृत्तांताचा धर्म

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने ज्ञातीतील घराण्यांचे वृत्तांत संकलित करण्याचे कार्य हाती घेतले आहे. म्हणून इंग्रज लोक आपल्या पूर्वजांचा शोध कसा लावतात, हा विषय आम्ही आज मुद्दाम निवडला आहे. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे मिळतात. इंग्लंडात हे कार्य गावोगावच्या चर्चने केले.

१५३८ साली, आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत, थॉमस क्रॉमवेल या मंत्र्याने आज्ञा काढली की, प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी. पुढे १५९८ साली या नोंदी चर्मपत्रावर उतरवाव्यात व दरसाल एक नक्कल बिशपकडे पाठवावी, असे ठरले. त्यामुळे मूळ वही ओलीने किंवा किडीने नष्ट झाली, तरी पुष्कळ ठिकाणी नक्कल उपयोगी पडते. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांची सही किंवा निशाणी येऊ लागली. १८१३ पासून छापील वह्या आल्या व बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदाही लिहिला जाऊ लागला. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली.

शोधकाने स्वतःपासून आरंभ करून एकेक पिढी मागे जावे, हा तेथील दंडक होय. १८५१ च्या शिरगणतीत प्रत्येकाचे जन्मस्थान आहे. त्यावरून पॅरिश कळते व पॅरिशवरून वही सापडते. मात्र नुसते नाव जुळले म्हणून भागत नाही. एका गावात एकाच नावाची चार मुले असावयाची. अशा वेळी दफनाची वहीही पाहावी लागते. नाहीतर पाळण्यातच वारलेल्या बालकाला आपला पूर्वज ठरविण्याची पाळी येते. शिवाय १७५२ पूर्वी तेथील वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जुन्या वहीतील फेब्रुवारी १७२० म्हणजे आपल्या गणनेने फेब्रुवारी १७२१ होय.

कधी कधी एखादा पूर्वज या वह्यांतून एकाएकी नाहीसा होतो. बाप्तिस्मा आहे, पण विवाह नाही, दफनही नाही. अशा वेळी शोधक न्यायालयाच्या दप्तराकडे वळतो, आणि तेथे त्याला काळ्या पाण्याची शिक्षा आढळण्याचा संभव असतो. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० स्त्रीपुरुष बंदिवान ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले. त्यांतील बहुतेकांचा अपराध चोरीचा. शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्माची. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या शेतमजुराने निष्कलंक आयुष्य काढले, त्याच्या वाट्याला वहीतील तीन ओळी येतात. पण ज्याने मेंढी चोरली, त्याचे वय, गाव, धंदा आणि पुढील काळातील याद्यांत तर उंची व डोळ्यांचा रंगही लिहिलेला सापडतो.

मेरी रीबी हिचे उदाहरण सांगतो. ही लँकेशर परगण्यातील बरी गावची पोरकी मुलगी. जन्म १७७७ चा. मुलाचा वेष करून, जेम्स बरो असे नाव सांगून फिरत असता घोडा चोरल्याबद्दल तिला सात वर्षांची शिक्षा झाली व १७९२ साली ती सिडनीस पोहोचली. दोन वर्षांनी तिने थॉमस रीबी याच्याशी विवाह केला. १८११ साली तो वारला, तेव्हा तिच्या पदरी सात मुले होती. तिने डगमगून न जाता वखारी व जहाजे सांभाळली आणि मोठी संपत्ती मिळविली. तिचा नातू १८७६ साली टास्मानियाचा मुख्य प्रधान झाला, आणि १९९४ पासून ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

परंतु १८२८ च्या शिरगणतीत या बाईने स्वतःविषयी काय लिहविले? ‘१८२१ साली स्वतंत्र आले’ असे! इंग्लंडची यात्रा करून ती १८२१ साली परतली होती हे खरे. पण पहिले आगमन तिने झाकले. अशीच झाकाझाक पुढे अनेक घराण्यांनी केली. बंदिवानांच्या वसाहतीचा कलंक पुसावा, म्हणून व्हॅन डीमेन्स लँड या बेटाचे नावच १८५६ साली टास्मानिया करण्यात आले. आज मात्र त्याच देशातील लोक बंदिवान पूर्वज सापडला की अभिमानाने सांगतात, आणि बंदिवानांची ती दप्तरे २००७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंदली.

बंधूंनो, आपल्या मंडळाकडे येणाऱ्या माहितीपत्रकांत सरदार व इनामदार तेवढे यावेत आणि कर्जापायी गाव सोडलेला, तुरुंगात गेलेला किंवा घरातून टाकलेली बाई गाळली जावी, असे होऊ नये. ज्याचे नाव आपण खोडतो, त्याच्या कष्टावर कदाचित आपले घर उभे असेल. जे कागदावरून सिद्ध आहे ते तसे लिहावे; जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहावे; आणि घरातील वृद्धांना आजच विचारून घ्यावे, कारण त्यांच्या स्मृतीची नक्कल कोणत्याही बिशपकडे ठेवलेली नाही.