न पाहिलेल्या सिनेमाचं मत

कुणी भांडी आवरून बसली असेल, कुणी बांधावर मोबाइल लावून ऐकत असेल. कामं चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या. आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे.

पेपरात नव्या सिनेमाबद्दल चार ओळी येतात, बघितल्या असतील. शेजारी चांदण्या छापतात. चार चांदण्या म्हणजे जरूर बघा, दोन म्हणजे नाही बघितला तरी चालेल. हे लिहिणाऱ्याला समीक्षक म्हणतात. त्याचं मत आपल्याला पटो न पटो, त्यानं सिनेमा पाहिलेला असतो. तीच त्याच्या कामाची पहिली अट. मी ती एकदा मोडली. त्याची गोष्ट आधी सांगते, मग सिनेमांकडं वळू.

२०१६ च्या उन्हाळ्यात नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. गावोगाव तीच गाणी, तीच चर्चा. आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले आणि विषय निघाला. मी तेव्हा गटाची अध्यक्ष. मी म्हणाले, “असले सिनेमे बघून पोरी बिघडतात.” सगळ्यांनी माना हलवल्या. चहा झाला, बैठक संपली.

आमच्यातल्या एका बाईची थोरली नुकतीच बारावी झाली होती. तालुक्याला कॉलेजात जायचं होतं, एसटीचा पास काढायचा होता. घरात आधीच कुरकुर चालली होती. माझं वाक्य त्या घरी पोचलं. तिच्या आजोबांनी तेच धरलं, “तुमची अध्यक्षच म्हणते ना?” पोरीचं कॉलेज राहिलं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

आणि बायांनो, मी तो सिनेमा पाहिलाच नव्हता. कुणी तरी म्हणालं, ते मी पुढं म्हणाले.

पुढं टीव्हीवर लागला तेव्हा पाहिला. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. परक्या शहरात कारखान्यात कामाला जाते, संसार उभा करते. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती त्यांच्यासाठी चहा ठेवते. नंतर दिसतात ती लहानग्याची रक्तानं भरलेली पावलं. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ अंधारात बसून राहिले. यात पोर कुठं बिघडली? माझं आजचं मत असं: हा सिनेमा पोरींना पळून जायला शिकवत नाही, जातीच्या मानापायी सख्खी माणसं काय करतात ते दाखवतो.

तेव्हापासून मी एक वही केली. सिनेमा पाहिला की त्यात दोन गोष्टी लिहिते. काय दिसलं आणि मला काय वाटलं. त्या वहीतले पाच सिनेमे आज सांगते.

पहिला ‘कुंकू’. १९३७ चा, प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांचा. तरुण नीरेचं लग्न फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लावतात. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी ते काम केलं आहे. मत: जुना म्हणून सोडू नका, आजच्या कितीतरी पोरींपेक्षा ही पोर ठासून ‘नाही’ म्हणते. फक्त तिची सुटका शेवटी नवऱ्याच्या मरणानं होते, तेवढं मला पटलं नाही.

दुसरा ‘उंबरठा’. १९८२ चा, जब्बार पटेल यांचा. स्मिता पाटील यांनी केलेली सुलभा महिला सुधारगृहात नोकरी करायला घर आणि लेक सोडून जाते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मत: घराबाहेर पडलेल्या बाईला काय किंमत मोजावी लागते ते दाखवतो, पण ती चुकली असं म्हणत नाही. मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा तिचा राग आला, दुसऱ्यांदा नवऱ्याचा.

तिसरा ‘माहेरची साडी’. १९९१ चा, विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांचा. शिकलेली माणसं याला रडका म्हणून नाकं मुरडतात. आपल्या आया-मावश्यांनी मात्र पदर ओला होईस्तोवर पाहिला. मला दोन्ही बाजू कळतात. मत: त्यातला सासुरवास खरा आहे, म्हणून बायका रडल्या. पण सोसत सोसत मरून जाणं म्हणजेच चांगली सून, हे लेकीला शिकवू नका.

चौथा ‘श्वास’. २००४ चा, संदीप सावंत यांचा. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या दवाखान्यात आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा पोराला दवाखान्यातून बाहेर नेतात, शेवटचं जग दाखवायला. मत: मुद्दाम रडवत नाही, तरी घशात आवंढा येतो. दवाखान्यात बावरलेलं आपलं माणूस कसं दिसतं, ते यात आहे.

पाचवा ‘गाभ्रीचा पाऊस’. २००९ चा, सतीश मनवर यांचा, विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली असते. आपला नवराही तसं काही करेल या धास्तीनं अलका त्याच्यावर पाळत ठेवते, घरच्यांनाही ठेवायला लावते. मत: हसता हसता घास अडकतो. एक गोष्ट बघा, त्याच्यावर सगळ्यांची नजर, पण तिचा जीव कसा तगतो हे विचारायला कुणी नाही.

आता म्हणाल, नुसता दुःखाचाच पाढा का? तर एक वरकड सांगते. केदार शिंदे यांचा २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. पुढं काय होणार ते आधीच कळतं, पेपरवाला एखादी चांदणी कमी देईल. पण बायका गटागटानं, नटूनथटून थिएटरात गेल्या. मत: गोष्ट साधी, मजा भरपूर. एकटीनं नको, जावांना-नणंदांना घेऊन बघा.

माझी मतं तुम्हाला पटलीच पाहिजेत असं नाही. ‘माहेरची साडी’वरून माझी बहीणच माझ्याशी भांडते. भांडू दे, तिनं पाहिलेला आहे. बैठकीत मात्र कुणी एखाद्या सिनेमावर, एखाद्या पोरीवर, एखाद्या सुनेवर एका वाक्यात निकाल दिला, तर एवढं विचारा, “तू स्वतः पाहिलंस का?” मला त्या दिवशी हे कुणी विचारलं नाही.

जाता जाता एक काम उरलं आहे. त्या पोरीच्या आईकडं मी गेले होते. सांगितलं, की मी न बघता बोलले, माझं चुकलं. ती म्हणाली, “थोरलीचं गेलं ते गेलं ताई. धाकटीच्या वेळेला बोला.” ती धाकटी तेव्हा चौथीत होती. यंदा बारावीला आहे, तिलाही तालुक्याला जायचं आहे. हे रेडिओवर सांगू का, असं मी तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, सांगा.

तर आबा, तुम्ही दुपारी ओट्यावर रेडिओ लावून बसता हे मला माहीत आहे. ऐकत असाल तर ऐका. त्या वेळचं माझं मत खोटं होतं. मी सिनेमा पाहिला नव्हता आणि तुमची नात मी चांगली पाहिली होती, हुशार होती. धाकटीही तशीच आहे. तिचा पास काढायला मी स्वतः बरोबर येते.

येते बायांनो. नमस्कार.