स्वर: शब्द एक, अर्थ दोन



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने ध्वनियंत्रांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु देवासला हा विषय परका नाही. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना येथे आले आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत येथेच राहिले. थोरांची ध्वनिमुद्रणे ऐकत शिकणाऱ्या मुलींना मात्र पट्टीची अडचण येते. गायकाची पट्टी काळी एक आणि मुलीची काळी चार असेल, तर मध्ये पंचमाचे अंतर पडते.

ग्रामोफोनची तबकडी दीडपट वेगाने फिरवली तर सूर पंचमाने चढेल खरा. पण तीन मिनिटांची चीज दोन मिनिटांत आटपेल! लय राखून सूर बदलण्याची एक गणिती रीत बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडली. आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे, त्यांतील कंपने बदलायची आणि ते पुन्हा सांधायचे.

यातले खरे कोडे आपल्या भाषेत आधीच दडलेले आहे. षड्ज-ऋषभ हेही 'स्वर' आणि अ-आ-इ हेही 'स्वर'. पहिला ठरतो स्वरतंतूंच्या कंपनसंख्येवरून, दुसरा मुखपोकळीच्या आकारावरून. यंत्राने सरसकट सारेच दीडपट केले, तर जणू गायकाचे मुखच आक्रसते आणि भारदस्त आकार पोरकट होतो. म्हणून एक स्वर हलवायचा आणि दुसरा जागच्या जागी ठेवायचा, ही यंत्राची पहिली परीक्षा.

गाणे चालू असतानाच हे साधायचे म्हटले, तर परीक्षा फारच कठीण होते. काळी एकच्या मंद्र षड्जाचे एक कंपन सुमारे साडेचौदा मिलिसेकंदांचे असते. तो ओळखायला दोन कंपने तरी हवीत. म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच जवळजवळ तीस मिलिसेकंद गेले. तुकडा आखूड घेतला तर खर्ज थरथरतो, लांब घेतला तर तबल्याचा आघात पसरतो. मींडेत तर सूर तुकड्याच्या आतच सरकत असतो. तयार ध्वनिमुद्रण हाताळताना यंत्राला पुढचे डोकावून पाहता येते. प्रत्यक्ष गायनात ती सोय नाही. गायकाला मात्र आपली मींड कोठे विसावणार हे ठाऊक असते.

रियाजापुरता सूर एखाद-दुसऱ्या पट्टीने सरकवायला माझी हरकत नाही. पंचमाइतका चढवला की मात्र तानपुऱ्याची जवारी विसकटते, आणि मुलीच्या कानावर संस्कार होतो तो त्या विसकटलेल्या जवारीचा. त्यापेक्षा मूळ पट्टीत ऐकावे, यंत्र बंद करावे आणि आपल्या तानपुऱ्यावर आपला षड्ज लावून तीच जागा घेऊन पाहावी.