छंदाचा धंदा होताना



आजच्या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही, एका माणसाच्या प्रश्नातून आलो. आमच्या संघटनेतला एक जुना सहकारी तीस वर्षे लेथवर उभा राहिला आणि स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन घरी बसला. दर रविवारी तळ्याकाठी गळ टाकून बसणे हा त्याचा तरुणपणापासूनचा छंद. दोरीला लावायची तरंगती बुचे तो स्वतः कापतो, घासतो, रंगवतो. आणि ती इतकी चांगली उतरतात की शेजारी बसणारे मागून नेतात. तो मला म्हणाला, "भाऊ, मिळालेले सगळे पैसे घालून गळ-दोऱ्यांचे दुकान टाकतो. हौस तर आहेच, तिच्यावरच पोटही भरेल." मी त्याला होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्याला एका शिकाऱ्याची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

गोष्ट अमेरिकेतल्या मेन या राज्यातली आहे. अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यातला हा मुलूख जंगलांचा, तळ्यांचा आणि लांबलचक हिवाळ्याचा. तेथे परवाना काढून ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करता येते, आणि त्यासाठी बाहेरच्या राज्यांतूनही हौशी लोक येतात. लिऑन लिऑनवुड बीन हा माणूस तेथे 1872 साली जन्मला. बाराव्या वर्षी त्याचे आई आणि वडील चार दिवसांच्या अंतराने वारले. तेराव्या वर्षी त्याने पहिले हरीण मारले आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या दोन शिकाऱ्यांना ते बारा डॉलरला विकले. पुढे फ्रीपोर्ट गावी भावाच्या कपड्यांच्या दुकानात तो काम करू लागला. उरलेला वेळ रान आणि पाणी यांत जाई.

या छंदात त्याला एकच जाच होता, तो म्हणजे ओले पाय. सबंध चामड्याचा बूट चिखलपाण्यात भिजून जड होई. सबंध रबराचा बूट पाणी अडवी, पण चालायला बोजड पडे आणि आतल्या आत पाय घामाने भिजवी. 1911 साली अशाच एका शिकारीहून गारठलेल्या पायांनी घरी आल्यावर त्याने एक साधी युक्ती काढली. कामगार वापरतात तसल्या रबरी जोड्यांचा खालचा भाग घ्यायचा आणि त्यावर हलक्या चामड्याचा वरचा भाग शिवायचा. गावातल्या जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्याने ते काम करवून घेतले. बूट चांगला झाला. मित्रांनाही आवडला.

श्रोतेहो, माझ्या सहकाऱ्याची बुचे आज ज्या पायरीवर आहेत, ती हीच पायरी. स्वतःला उपयोग झाला, चार मित्रांनी वाखाणले. येथपर्यंत छंद आहे. पुढचे पाऊल टाकले की धंदा लागतो.

बीनने ते पाऊल 1912 साली टाकले. तेव्हा तो चाळिशीला आला होता, म्हणजे काही कोवळा पोरगा नव्हता. मेनमध्ये शिकारीचा परवाना काढलेल्या परराज्यांतल्या लोकांची यादी त्याने मिळवली आणि त्यांना टपालाने एक छोटे माहितीपत्रक पाठवले. या युक्तीचे मला फार कौतुक वाटते. ज्यांचे पाय भिजतात, नेमक्या त्यांच्याच दारी त्याचा कागद गेला. बुटाची किंमत साडेतीन डॉलर ठेवली आणि पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमी दिली.

पहिले शंभर जोड गेले. त्या पेढीच्या स्वतःच्या इतिहासात जे सांगितले जाते ते असे, की त्यांतले नव्वद परत आले. खालचे रबर मऊ होते, टाक्याच्या ओढीने ते फाटले आणि शिवण उसवली.

आता आपण हिशोब करू. नव्वद जोडांचे साडेतीनप्रमाणे तीनशे पंधरा डॉलर होतात. चामडे, रबर, शिलाई, टपाल यांवर पैसा आधीच खर्च झालेला. परत आलेला माल फाटका. अशा वेळी पळवाटा पुष्कळ असतात. तुम्ही बूट नीट वापरला नाही असे म्हणता येते, पत्राला उत्तर द्यायचे टाळता येते. बीनने एकेकाचे पैसे परत केले. मग कर्ज काढले, रबराच्या मोठ्या कारखान्याकडे जाऊन टाका धरील असा तळ बनवून घेतला आणि पुन्हा पत्रके धाडली. त्या बुटातून पुढे एल. एल. बीन ही पेढी वाढली. आजही तो बूट मेनमध्ये तयार होतो, आणि झिजला तर नवा तळ लावून मिळतो.

या गोष्टीचे तात्पर्य लोक असे काढतात की छंदावर निष्ठा ठेवा, यश येईल. मला ते पुरते पटत नाही. छंदाने बीनला एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे गरजेची ओळख. ओल्या पायांचे दुःख त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पण रबर किती ओढ सहन करते, हे छंदाने शिकवले नाही. ते परत आलेल्या नव्वद जोडांनी शिकवले. छंदातली चूक आपली आपल्याला भोवते. धंद्यातली चूक पैसे मोजून विश्वास टाकणाऱ्या अनोळखी माणसाच्या पायांत जाते. ती चूक आपली म्हणून पत्करायची तयारी झाली, की मगच हौशी माणूस धंदेवाला होतो.

दुसरी गोष्ट. एकट्याच्या हिमतीची म्हणून ही कथा सांगतात, पण त्यात आणखी पुष्कळ हात आहेत. तो पहिला बूट शिवणारा कारागीर कथेत बहुधा नावावाचूनच येतो. परवानाधारकांची यादी सरकारी व्यवस्थेतून आली. 1913 च्या जानेवारीत अमेरिकेच्या टपालखात्याने पार्सल पोचवण्याची सेवा सुरू केली नसती, तर खेड्यातून देशभर बूट पाठवणे या छोट्या दुकानदाराला किती झेपले असते? धंदा आपला असतो, पण ज्या रस्त्यावरून तो चालतो तो रस्ता सर्वांचा असतो.

तिसरी गोष्ट मी कामगारांत वावरणारा माणूस म्हणून सांगतो. छंदात आपण वेळ मोजत नाही, आणि तोच छंदाचा आनंद आहे. धंद्यात मात्र न मोजलेला वेळ फसवतो. रात्री जागून बुचे घासली आणि नफा झाला असे वाटले. पण स्वतःची मजुरी धरली तर कित्येकदा तोटा निघतो. बीनचे दुकान 1951 पासून दिवसरात्र उघडे राहू लागले, कारण शिकारी आणि मासे धरणारे पहाटेच्याही आधी निघतात. गिऱ्हाइकाची ती मोठी सोय झाली. पण दाराचे कुलूप निघाले की आत रात्रपाळीला माणूस उभा राहावा लागतो. आपला छंद हा आपल्या नोकराचाही छंद असतो, असे धरून चालू नये. त्याला त्या जागरणाचा पुरा दाम मिळाला पाहिजे.

हमीचाही पुढचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. बीन 1967 साली वारला. केव्हाही माल परत घेण्याची रीत त्याच्यामागेही पन्नास वर्षे चालली. पण काही लोक जुन्या बाजारातून वापरलेला माल उचलून बदलून मागू लागले, आणि 2018 साली पेढीने त्या हमीला साधारणतः एका वर्षाची मर्यादा घातली. विश्वास एकाच बाजूने पाळला गेला तर तो टिकत नाही. गिऱ्हाईक म्हणून हा धडा आपल्याही वाट्याचा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. शिकारीचा धंदा आपल्याकडे कोणी मनात आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आहे, आणि ते योग्यच झाले. गळाचा छंद राहतो. पण तेथेही पाणी बेवारस नसते. आपल्याकडच्या अनेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे, त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांचा वाटा राखूनच हौशी माणसाने काठावर बसावे. हौशी लोकांना माल विकायला निघणाऱ्याने तर हे प्रथम ध्यानात ठेवावे.

माझ्या सहकाऱ्याला मी शेवटी एवढेच म्हटले, "दुकान मागाहून टाक. आधी शंभर बुचे कर, आणि त्यांतली नव्वद परत आली तरी सगळ्यांचे पैसे देऊन घरची चूल पेटती राहील, एवढीच रक्कम त्यात घाल. बाकीच्या पैशाला हात लावू नकोस. ते तुझ्या तीस वर्षांच्या घामाचे आहेत आणि त्यांवर वहिनींचाही हक्क आहे."

त्याने ते ऐकले. पहिल्या खेपेतली काही बुचे परत आली, पाण्यात रंगाचे पोपडे निघाले होते. त्याने पैसे दिले आणि रंग बदलला. दुकान अजून झालेले नाही. पण परवा भेटला तेव्हा त्याच्या खिशात एक छोटी वही होती. तीत एका बाजूला विकलेला माल, दुसऱ्या बाजूला परत आलेला माल, आणि खाली स्वतःच्या कामाचे तास लिहिलेले होते. मला वाटते, त्याचा धंदा त्या वहीत सुरू झाला आहे.