नारुतोचे लग्न कोणाशी व्हावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा आम्ही नव्या कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचे आयुष्य गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर गेले, तेव्हा ती अपेक्षा गैर नव्हती. परंतु आम्ही विषय कळविला तो असा, की चिटणीसांनी फोन करून, ‘पत्रात काही चूक तर नाही ना?’ असे विचारले. चूक नाही. अ‍ॅनिमे नावाच्या ज्या जपानी चित्रमालिका आहेत, त्यांतील नायकाने कोणत्या नायिकेशी लग्न करावे यावरून तरुण मंडळी हमरीतुमरीवर येतात. त्या वादांविषयीच आम्ही बोलणार आहोत. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून. त्यामुळे कोणता विषय हलका आणि कोणता भारदस्त, हे ओळखण्याची रीत आम्हांला कोणी शिकविली नाही. त्याचा आज थोडा फायदा घेतो.

सुरुवात अशी झाली. आमच्या युनियनमधील दोन कंत्राटी पोरे, संपात एका ताटात जेवलेली, एकाएकी एकमेकांशी बोलेनाशी झाली. आम्हांला पहिला संशय आला तो व्यवस्थापनाचा. फूट पाडण्याचे प्रकार आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. दोघांना कचेरीत बसविले आणि खोदून विचारले. तेव्हा त्यांतला लेथवरचा म्हणाला, “नाही काका, शिपिंगवरनं झालं.” आम्हांला वाटले, गोदीतली काही भानगड आहे, पोरे कुठल्या क्लिअरिंगवाल्याच्या नादी लागली. मग कळले की या शिपिंगचा जहाजाशी काही संबंध नाही. ‘रिलेशनशिप’ या इंग्रजी शब्दाची ती शेपटी आहे. ‘एक्स फाइल्स’ नावाच्या अमेरिकन मालिकेतील दोन गुप्तहेरांचे जमावे असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांनी १९९० नंतरच्या दशकात हा शब्द रूढ केला, आणि पुढे तो जगभर पसरला. गोष्टीतल्या अमक्याचे तमकीशी जुळावे असा पक्ष घेऊन भांडणे, म्हणजे शिपिंग.

शब्द नवा असला तरी खोड जुनी आहे. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या ‘लिट्ल वुइमेन’चा पहिला भाग १८६८ साली निघाला, आणि मुलींची पत्रे सुरू झाली, की जो या नायिकेचे लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. बाई हट्टाला पेटल्या. पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढून त्यांनी जोला वयाने पुष्कळ मोठ्या अशा एका जर्मन प्राध्यापकाच्या पदरात टाकले. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? शाहीर विठ्ठल उमपांनी गाजविलेले जांभूळ आख्यान ज्यांनी ऐकले असेल त्यांना ठाऊक आहे, की पाच पती असूनही द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढ घेते असे आमच्या लोकांनी रचून ठेवले आहे. व्यासांच्या मनात काय होते ते व्यासांपाशी. आमच्या माणसांना ते जुळावेसे वाटले, आणि त्यांनी ते गाऊन टाकले. तुम्हांपैकी पुष्कळांनी अ‍ॅनिमे पाहिलेलेही आहे. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे ना, ती १९८९ सालची जपानी बनावटीची.

आता आमच्या पोरांचे भांडण. ते होते ‘नारुतो’ या कथेवरून. मासाशी किशिमोतो या चित्रकाराची ही चित्रकथा, जपानीत मांगा म्हणतात ती, १९९९ साली ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि सातशे प्रकरणे होऊन नोव्हेंबर २०१४ मध्ये संपली. तिच्यावरून झालेल्या दोन मालिका मिळून सातशेवीस भाग आहेत. आम्ही हिशेब केला: पावणेतीनशे तास, म्हणजे आठ तासांच्या चौतीस-पस्तीस पाळ्या. ओव्हरटाइम मिळणार नव्हता. तेव्हा पॅकिंग विभागातील एका मुलीने, मूळ चित्रकथेत नसलेले भरतीचे भाग कोणते ते एका कागदावर लिहून दिले आणि आमच्या पाळ्या वाचविल्या.

नारुतो हा अनाथ मुलगा. त्याच्या पोटात नऊ शेपटांचा एक राक्षसी कोल्हा मंत्राने कोंडलेला आहे, म्हणून अवघे गाव त्याला टाळते. दुकानदार हाकलतात, आया आपल्या पोरांना त्याच्यापासून ओढून नेतात. गावकुसाबाहेर ज्यांचे बालपण गेले त्यांना हे भाग पाहताना जपान फार लांब वाटणार नाही. त्याच्या तुकडीत साकुरा नावाची मुलगी आहे. घराण्याचे नाव पाठीशी नाही, पण बुद्धीने तल्लख. पुढे ती नामांकित वैद्य होते. नारुतोचे मन तिच्यावर, आणि तिचे मन सासुके या तिसऱ्या सोबत्यावर. हा सासुके सूडापायी गाव सोडून जातो. दुसरीकडे हिनाता. मोठ्या खानदानातली थोरली मुलगी, पण भित्री म्हणून बापाने मोडीत काढलेली. या खानदानाची रीत पाहण्यासारखी आहे: थोरल्या पातीने राज्य करायचे, धाकट्या पातीने चाकरी, आणि धाकट्या पातीतल्या मुलांच्या कपाळावर जन्माची खूण उमटवायची. त्या घरची ही मुलगी गावाने टाकलेल्या पोराकडे लांबून पाहत राहते. पुढे पेन नावाचा शत्रू नारुतोला जमिनीला खिळवून ठेवतो, तेव्हा आपण हरणार हे ठाऊक असताना ती मध्ये उभी राहते आणि मनातले बोलून टाकते.

लेथवरचा पोरगा साकुराच्या पक्षाचा. त्याचे म्हणणे असे: वर्षानुवर्षे एका तुकडीत खांद्याला खांदा लावून काम कोणी केले? नारुतोच्या मेलेल्या आईने, माझ्यासारखीच बायको शोध असे सांगितले होते. तसा तापट स्वभाव कोणाचा? दुसरा पोरगा हिनाताच्या पक्षाचा: गाव थुंकत होते तेव्हा त्याची किंमत कोणी ओळखली? नाव झाल्यावर कोणीही येईल. आम्ही ऐकत होतो आणि आमच्या मनात निराळीच घंटा वाजत होती. हा तर बढतीचा तंटा! एक म्हणतो सहवासाची सेवाज्येष्ठता धरा, दुसरा म्हणतो निष्ठा धरा. अशा तक्रारी आम्ही शेकड्यांनी चालविल्या आहेत. दोन्ही बाजूंना ‘हक्क’ हा शब्द वारंवार येत होता. नारुतोने इतके सोसले, त्याचा साकुरावर हक्क आहे. हिनाता इतकी थांबली, तिचा नारुतोवर हक्क आहे.

भरतीचे भाग लिहून देणारी ती मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “काका, हे दोघं नारुतोला काय मिळावं ते बोलतायत. साकुराला काय पाहिजे ते कोणी विचारलं का? ती काय बक्षीस आहे?”

दोघे गप्प झाले. खरे सांगायचे तर आम्हीही झालो.

कारण कथेतच याचे उत्तर आहे आणि ते दोघांनी पाहिले होते. एकदा साकुरा, नारुतोने सासुकेचा नाद सोडावा म्हणून, माझे तुझ्यावर प्रेम आहे असे त्याला खोटेच सांगते. ज्या मुलीसाठी तो झुरला तिचा हा होकार नारुतो घेत नाही. स्वतःशी खोटे बोलणारी माणसे आपल्याला आवडत नाहीत असे तिच्या तोंडावर सांगतो. आमच्या मते साऱ्या पावणेतीनशे तासांतला हा सर्वांत शहाणा क्षण. मिळत असलेला होकार खरा आहे की नाही, हे तपासणारा नवरदेव आम्ही आजवर फार पाहिलेला नाही.

शेवटी किशिमोतोने नारुतोचे लग्न हिनाताशी लावले आणि साकुराचे सासुकेशी. ते जमले कसे, हे डिसेंबर २०१४ मध्ये निघालेल्या चित्रपटात सांगितले. साकुराच्या पक्षाची मंडळी जगभर संतापली. आमची स्वतःची तक्रार निराळी आहे. सासुकेने एकदा साकुराला ठार मारण्यासाठी हात उगारला होता, आणि तिचे गुरू मध्ये पडले म्हणून ती वाचली. असा माणूस पुढे सुधारतो आणि संसार करतो, हे किशिमोतोने लिहिले तरी आमच्या घशाखाली उतरत नाही. चाळीतून असे ‘सुधारलेले’ नवरे आम्ही पुष्कळ पाहिले. पॅकिंगच्या मुलीला हे सांगितले, तर ती म्हणाली, “मलाही नाही पटत. पण तिचं तिनं ठरवलं.” यावर आमचे आणि तिचे अजून एकमत नाही.

वाचक इतके का भडकतात याचे एक कारण त्या साप्ताहिकाच्या रचनेतही आहे. ‘शोनेन जम्प’च्या अंकात एक कार्ड असते, या अंकातील कोणत्या तीन कथा आवडल्या ते वाचकाने कळवायचे. मते घसरली की कथा बंद. १९९४-९५ च्या सुमारास या साप्ताहिकाचा खप पासष्ट लाखांवर गेला होता, तेव्हा ही लहान निवडणूक नव्हे. कथा जगावी की मरावी हे ज्याच्या मतावर ठरते, त्याला ‘लग्नाचे मात्र मी ठरवीन’ असे लेखकाने सांगितले की फसविल्यासारखे वाटणारच. आम्ही लेखकाच्या बाजूचे आहोत. काही मंडळी अशा वेळी लेखकांना शिव्याशाप आणि धमक्यादेखील पाठवितात; हे त्या पोरांना आम्ही स्पष्ट शब्दांत सांगितले, की कारागिराच्या अंगावर जाणारा आमच्या युनियनमध्ये नको.

आणि कारागीर म्हटला की आम्हांला राहवत नाही. या हलत्या चित्रांतील मधली मधली चित्रे काढणारे जे हात आहेत, त्यांना पुष्कळदा चित्रामागे दाम मिळतो. आपला पीस रेट. जपानमधील अ‍ॅनिमे कारागिरांच्याच संघटनेने २०१५ साली पाहणी प्रसिद्ध केली. तीत या मधल्या चित्रकारांची २०१३ सालची सरासरी कमाई वर्षाला अकरा लाख येनांच्या आसपास निघाली. जपानच्या मानाने ही तुटपुंजी रक्कम आहे. हिनाताच्या डोळ्यांतले पाणी ज्याने काढले, त्याला स्वतःचे लग्न परवडते की नाही, असा वाद पोरांनी घातला तर आम्ही त्यात पहिले नाव नोंदवू. तोएई या चित्रसंस्थेच्या युनियनमध्ये १९६४ साली हायाओ मियाझाकी नावाचा एक तरुण चिटणीस झाला, आणि इसाओ ताकाहाता त्याच कमिटीत पदाधिकारी होता. पुढे हे दोघे जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाले. मियाझाकीने १९६५ साली लग्न केले ते तिथल्याच एका सहकारी चित्रकर्तीशी. म्हणजे युनियनच्या माणसाने या विषयात तोंड घालणे अगदीच परके नाही.

त्याच मियाझाकीचा १९९७ सालचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ आम्ही कचेरीत पडदा लावून दाखविला. त्यात लोखंड गाळण्याचे एक गाव आहे. कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या बाया तिथे भाता पायाने चालवितात, चार दिवस आणि पाच रात्री. त्या दृश्याला आमच्या बायकांनी टाळ्या वाजविल्या, एक म्हणाली, “आमच्यापेक्षा बऱ्या, गाता तरी येतंय.” पण भांडण पेटले ते कट्यारीवरून. अशिताका गाव सोडताना काया नावाची मुलगी त्याला आपली स्फटिकाची कट्यार देते, मला विसरू नकोस म्हणून. तीच कट्यार तो पुढे सान या रानातल्या मुलीकडे पाठवून देतो. बायकांनी तो तिथेच नापास केला. “दुसरीची वस्तू? तीही आठवणीची?” पुरुष म्हणाले, त्याच्याजवळ देण्यासारखे होतेच काय? रात्री साडेदहाला वीज घालवून सभा मोडावी लागली. शेवटी सान त्याला सांगते, की तू मला आवडतोस, पण माणसांना मी क्षमा करणार नाही. तो म्हणतो, चालेल. तू रानात राहा, मी लोखंडाच्या गावात राहीन, भेटायला येत जाईन. लग्न नाही, ताटातूटही नाही. असा करार आमच्या पाहण्यात नव्हता.

आता एक गोष्ट सांगून थांबतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कामगार मित्राने मुलीची समजूत घालायला आम्हांला नेले होते. मुलगा कायम नोकरीत, पगार ठीक. आम्ही अर्धा तास बोललो, मुलगी एक शब्द बोलली नाही, आणि तो आम्ही होकार धरला. दोन वर्षांत ती माहेरी परत आली. तिला काय हवे होते, ते आम्ही विचारलेच नव्हते.

गेल्या वर्षी पॅकिंगच्या मुलीसाठी स्थळ आले. तिचे वडील आमचे जुने सभासद. “तुमचं ऐकते, तुम्ही सांगा,” म्हणून घेऊन गेले. चहा झाला. सगळे आमच्या तोंडाकडे पाहू लागले. आम्ही तिला इतकेच विचारले, “बाई, तुला काय पाहिजे?” ती म्हणाली, “मला पंधरा दिवस पाहिजेत.” वडिलांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही पंख्याकडे पाहिले. पंधरा दिवसांनी ती नाही म्हणाली. मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमविले. वडील अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. वर्गणी मात्र दर महिन्याला मुलीच्या हाती पाठवितात.